पट्टीचा प्रोग्राम आणि परक्या भाषेतले स्वयंपाकघर

पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. माहेर विश्रामबागला आणि वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, लग्नानंतर काही वर्षे सांगलीतच होते आणि सात वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात आले. आता माझे वय ४३ आहे. जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे, पण बेकरीत मागे रांग असली की तोंडातले शब्द तोंडातच राहतात. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत निम्मे कळते आणि निम्मे अंदाजाने धरते. माझी नऊ वर्षांची मुलगी चारचौघांत माझ्या चुका दुरुस्त करते. गेल्या महिन्यात तिने मला सांगितले, "आई, शाळेच्या दारात तू माझ्याशी मराठीतच बोल, जर्मन नको." सांगलीत मी बोलकी म्हणून ओळखली जात होते, इथे मी सगळ्यांना अबोल आणि थोडी मंद वाटत असणार.

एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी अर्धवेळ काम करते. तिथल्या मुख्य आचारी बाई चांगल्या आहेत. कोणाला मीठ कमी, कोणाला साखर नको, कोणाला अन्न मऊ करून द्यायचे, याचा पुढच्या आठवड्याचा तक्ता त्या दर शुक्रवारी हाताने लिहितात आणि खाडाखोड झाली की वैतागतात. त्यांच्याशीही माझे बोलणे 'हो', 'नाही' आणि 'झाले' एवढेच असते.

मे महिन्यात सांगलीला आले होते. वडील गेल्यानंतर घर आवरताना माळ्यावर फ्लॉपींचा डबा आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सलग कागदावर छापलेला एक प्रोग्राम सापडला. अकरावीत असताना हौस म्हणून मी क्यूबेसिक या संगणकाच्या भाषेत वडिलांसाठी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा, प्रोग्राम लिहिला होता. वजन, दर, हमाली, तोलाई आणि अडत घातली की शेतकऱ्याच्या हातात द्यायची रक्कम निघत असे. वडील वरचे पैसे नेहमी शेतकऱ्याच्या बाजूने पूर्ण रुपयात धरत. माझा प्रोग्राम ते कापून टाकत होता, हे त्यांनी तोंडी हिशेबाने पकडले आणि दोन रात्री जागून मी ते दुरुस्त केले. तो कागद वाचताना मला रडू आवरले नाही. ती भाषा मला चार महिन्यांत आली आणि ही सात वर्षांत येत नाही. माझी बुद्धी तिथेच संपली का? भाऊ म्हणतो, फ्लॉपी टाकून दे. यजमान म्हणतात, पायथन या आजच्या संगणकभाषेचा अभ्यासक्रम कर, नोकरी लागेल. मी काय करावे?

— एक सांगलीकर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या सलग कागदापाशी थांबले. मी ३० वर्षे शाळेत गणित शिकवले. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना सुरू करून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. त्या काळात आम्हा काही शिक्षकांना त्याचे जुजबी प्रशिक्षण मिळाले आणि तेव्हा मीही बेसिकमध्ये, म्हणजे तुमच्या क्यूबेसिकच्या मूळ भाषेत, पाढे छापणारा प्रोग्राम लिहिला होता. त्यामुळे अकरावीतली मुलगी दोन रात्री कशासाठी जागली असेल, हे मला चांगले कळते. बेसिकमधली 'इंट' ही क्रिया अपूर्णांक काढून टाकते, म्हणजे ४१२ रुपये ३० पैशांचे ४१२ करते. शेतकऱ्याच्या बाजूने ४१३ करायचे असतील तर आधी रकमेला वजा चिन्ह द्यावे लागते, मग 'इंट' लावावी लागते आणि आलेल्या उत्तराला पुन्हा वजा चिन्ह द्यावे लागते. वजा ४१२.३० ला 'इंट' लावली की उत्तर खाली सरकून वजा ४१३ होते आणि चिन्ह पालटले की ४१३ हाती येतात. तुम्ही हीच वाट काढली होती की दुसरी एखादी, ते मला ठाऊक नाही, पण कोणत्याही वाटेने गेलात तरी वडिलांच्या मनातला एक न्याय तुम्ही यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवला होता. त्याला वेळ वाया घालवणे कोण म्हणेल?

आता तुमच्या मनाला सर्वांत जास्त बोचणारा प्रश्न. चार महिने आणि सात वर्षे ही तुलना न्यायाची नाही. क्यूबेसिकचे सगळे राखीव शब्द मिळून काहीशे भरतील आणि पट्टीसाठी तुम्हाला त्यातले पंधरा-वीस पुरले असतील. तुम्ही उत्तीर्ण झालेल्या बी-१ परीक्षेलाच दोन हजारांहून अधिक शब्द लागतात, आणि त्यानंतर दार उघडून गावात पाऊल टाकले की कानावर पडते ती तिथली श्वाबिश बोली. पुण्याच्या पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस सांगलीच्या भाजी मंडईत उतरला आणि त्याला कोणी "काय करालायस?" असे विचारले, तर त्याची जी गत होईल तीच तुमची तिथे होते आहे. यात बुद्धी संपल्याचे कोणतेच लक्षण मला दिसत नाही.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि तो तुमच्याच पत्रात आहे. यंत्र अतिशय काटेकोर असते. एक कंस राहिला तरी ते पुढे जात नाही, आणि तरी तुम्हाला त्याची कधी भीती वाटली नाही. चूक दाखवली की तुम्ही ती शोधत बसायचा आणि सापडली की आनंद व्हायचा. माणसे त्या मानाने फार सोशिक असतात, अर्ध्या वाक्यावरून पूर्ण अर्थ लावतात, चुकीच्या लिंगाचा शब्द ऐकूनही पाव बरोबर तोच देतात, आणि भीती मात्र तुम्हाला त्यांचीच वाटते. याचे कारण मी असे समजते की पट्टीचा प्रोग्राम लिहिताना तुमचे सगळे लक्ष त्या पट्टीवर होते. वडिलांना काहीतरी हवे होते, तुम्ही ते घडवत होता आणि भाषा हे हातातले हत्यार होते. जर्मन भाषेत आजवर तुम्ही काही घडवलेले नाही. तुम्ही त्या भाषेत फक्त मागितले आहे, पाव, डॉक्टरांची वेळ, शाळेचा अर्ज. मागणारा माणूस स्वतःकडेच पाहत राहतो, त्यामुळे प्रत्येक चूक त्याला आपल्या अंगावर आल्यासारखी वाटते.

माझ्या आईची गोष्ट सांगते, कारण ती इथल्याच मातीतली आहे. आई जमखंडीची, माहेरची भाषा कन्नड. लग्न होऊन सांगलीत आली तेव्हा तिला मराठीची दहा वाक्येही येत नव्हती. कन्नडमध्ये भाकरी, ताट, दगड अशा सगळ्या निर्जीव वस्तूंना एकच 'अदु', म्हणजे 'ते', त्यामुळे तिची प्रत्येक वस्तू मराठीत नपुंसकलिंगी झाली आणि "ते भाकरी भाजलं" हे वाक्य आमच्या घरात शेवटपर्यंत राहिले. सुरुवातीची दोन वर्षे ती संध्याकाळी गोठ्यात जाऊन म्हशीशी कन्नडमध्ये बोलत बसायची, असे आत्या सांगत असे. तिला मराठी शिकवायला वाड्यातल्या बायकांनी काही खास केले नाही. झाले असे की तिला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी उत्तम जमत होती, वाड्यातल्या बायकांना ती शिकायची होती, आणि शिकवायचे म्हटल्यावर तिला बोलावेच लागले. पीठ किती, पाणी कसे, तवा केवढा तापवायचा, हे सांगता सांगता तिची मराठी सुटली. तांदूळ मापताना मात्र ती अखेरपर्यंत ओठांतल्या ओठांत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असेच मोजत असे. तिच्या लिंगांच्या चुका आज शेजाऱ्यांपैकी कोणालाही आठवत नाहीत. भाकरीची आठवण मात्र मला अजूनही लोक रस्त्यात थांबवून सांगतात.

म्हणून तुमच्या पत्रातले एक वाक्य, जे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात, तिथे मी तुम्हाला परत नेते. वृद्धाश्रमातल्या मुख्य आचारी बाई दर शुक्रवारी पथ्याचा तक्ता हाताने लिहितात आणि खाडाखोड झाली की वैतागतात. ही तुमच्या वडिलांची पट्टीच आहे. माल निराळा आहे, मांडणी तीच आहे. एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला नियम, आणि त्यांच्या मेळातून प्रत्येकासाठी निघणारे एक बिनचूक उत्तर. तो तक्ता तुम्ही त्यांना करून द्यावा, असा माझा सल्ला आहे. त्यासाठी पायथन लागेल असे नाही. त्यांच्या कार्यालयातल्या संगणकावर जी तक्त्यांची साधी सोय असेल तिच्यातही हे जमेल आणि क्यूबेसिक लिहिलेल्या हाताला ते आठवडाभरात उमगेल.

पण तक्त्याच्या आधी प्रश्न येतात आणि मला खरी गंमत त्यातच दिसते. एखाद्याला साखर नको आणि मीठही कमी हवे असेल तर त्याला सूप कोणते? अन्न मऊ हवे असलेल्या माणसाला रविवारचा केक द्यायचा की नाही? एखादा नवीन रहिवासी मध्येच, बुधवारी आला तर? हे सगळे तुम्हाला आचारी बाईंना विचारावे लागेल, आणि विचारणारी व्यक्ती तुम्ही असाल. सात वर्षे तुम्ही उत्तरे देत आला आहात, 'हो', 'नाही', 'झाले'. प्रश्न विचारणाऱ्याची वाक्ये मोडकी असली तरी समोरचा मन लावून ऐकतो, कारण काम त्याचे असते. तुमचे वडील तुमच्या शेजारी बसून हमाली कशी धरायची हे सांगत असतील तेव्हा तुम्ही शंभर प्रश्न विचारले असतील. तेच पुन्हा करायचे आहे.

यात एक पथ्य तुम्हीही पाळा. कोणाला कोणता आजार आहे ही तिथे फार जपायची माहिती मानली जाते. माहितीच्या संरक्षणाचा युरोपचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि आरोग्याच्या माहितीबाबत तो विशेष कडक आहे. त्यामुळे खरी नावे आणि खरा तक्ता घरी आणू नका. खोटी नावे आणि मनाने रचलेली पथ्ये घालून नमुना तयार करा, तो आचारी बाईंना दाखवा आणि पुढे वापरायचा की नाही हे त्यांना आणि त्यांच्या व्यवस्थापकांना ठरवू द्या. त्यांनी नको म्हटले तरी तुमचे विचारलेले प्रश्न कुठे जाणार नाहीत.

आता भाषेबद्दल काही, कारण तुम्ही स्वतःला जितक्या रिकाम्या हाताने उभ्या समजता तितक्या तुम्ही नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत आणि इंग्रजीवरून येणारे लोक तिथे रडकुंडीला येतात. आपल्याकडे 'तो, ती, ते' जन्मापासून आहेत. जेवणाच्या टेबलावरचेच पाहा. चमचा 'डेर ल्योफेल', काटा 'डी गाबेल', सुरी 'डास मेसर'; चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, काटा आपला पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी, सुरी आपली स्त्रीलिंगी आणि त्यांची नपुंसकलिंगी. कोणत्याही वस्तूला लिंग का असते हा प्रश्न तुम्हाला पडत नाही, केवळ कोणते हे पाठ करायचे असते, आणि हे ओझे अर्ध्याने हलके आहे. जर्मन माणूस २४ म्हणताना 'चार आणि वीस' असे म्हणतो, आपण चोवीस म्हणतो, त्यातही चार आधी आणि वीस नंतर. अनोळखी मोठ्या माणसाला 'तू' म्हणायचे नाही, अनेकवचनात बोलायचे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागले नसेल. आणि 'कारण', 'जर' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात त्यांचे क्रियापद शेवटी जाऊन बसते, ते आपल्या मराठीत तर सदाच शेवटी बसलेले असते. अशा वाक्यात तुमच्या जिभेला मराठी वळणाने जाऊ द्या. ती बहुधा योग्य जागीच पोहोचेल.

तुम्ही अकरावीत ज्या भाषेत लिहीत होता तीही परकीच होती, हे तुमच्या लक्षात आले आहे का? आपल्या पिढ्यांना मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. 'इनपुट', 'प्रिंट', 'इफ', 'देन', 'एल्स' हे शब्द तुमच्यासाठी जवळपास नवे होते आणि 'प्रिंट' म्हटल्यावर कागदावर काही न छापता पडद्यावर अक्षरे का येतात, हे कोणीही सांगितले नसताना तुम्ही ते चालवून घेतलेत. आणि पैज लावून सांगते, त्या छापील कागदावर चलांची नावे इंग्रजी नसतील. रोमन अक्षरांत 'हमाली', 'तोलाई', 'वजन', 'दर' असेच लिहिलेले असेल. परक्या भाषेच्या सांगाड्यात तुम्ही आपल्या दुकानाचे शब्द बिनदिक्कत बसवले होते. ही बेसिक भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली, विज्ञानाचे विद्यार्थी नसलेल्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. यातले केमेनी बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि १९४० साली, कोवळ्या वयात, कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेले. म्हणजे ज्या भाषेने तुम्हाला चार महिन्यांत आपलेसे केले, तिच्या दोन निर्मात्यांपैकी एकाने रोजचे आयुष्य परक्या भाषेत काढले होते.

पालकसभेत निम्मेच कळते, याची खंत समजू शकते, पण सांगलीकराने निम्मे कळण्याला कमी लेखू नये. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ इथल्या दरबारात झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तसे काही मराठीत करावे अशी इच्छा व्यक्त केली आणि विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. दुसऱ्या भाषेतला खेळ पाहणाऱ्यांतूनच आपले नाटक उभे राहिले. तरी सभेपुरता एक व्यवहाराचा उपाय करा. सभेच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांना चार ओळींचे पत्र लिहून विषयांची यादी मागून घ्या, घरी बसून ती वाचा, आणि सभेत एकच प्रश्न विचारायचा असे ठरवून तो कागदावर लिहून न्या. पुढच्या रांगेत बसा. ऐकण्यातला अर्धा त्रास हा आवाज नीट न पोहोचण्याचा असतो, भाषेचा नसतो, हे वर्गात ३० वर्षे उभे राहिलेली बाई तुम्हाला सांगते आहे.

मुलीविषयी थोडे सांभाळून लिहिते, कारण ते तुम्हाला फार लागले आहे. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेच्या दारात आपली आई सगळ्यांच्या आईसारखी दिसायला हवी असते. सांगलीतही मुले आईला "ती साडी नेसून येऊ नकोस" असे सांगतात. तिने तुम्हाला मराठीत बोलायला सांगितले, याचा अर्थ तिला तुमची मराठी लाजिरवाणी वाटत नाही, आणि ही मला मोठी गोष्ट वाटते. तिचे ऐका. दारात तिच्याशी मराठीत बोला, तिथल्या शिक्षकांशी आणि पालकांशी मात्र जर्मनमध्येच बोला, आणि हा फरक तिला नीट समजावून सांगा. चारचौघांत चुका दुरुस्त करायच्या नाहीत, घरी रात्री दहा मिनिटे ती तुमची शिक्षिका, असा करार करा. तिला डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून मात्र नेऊ नका. आईच्या पोटदुखीचे शब्द मुलीच्या तोंडी घालणे हा तिच्या वयाला न पेलणारा भार आहे. त्यासाठी यजमानांना किंवा एखाद्या मैत्रिणीला सोबत न्या, किंवा तक्रार आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या.

आणि तिच्याबरोबर एक गोष्ट कराच. स्क्रॅच नावाची मुलांची प्रोग्रामिंगची सोय आहे, ती जर्मनमध्ये उघडते आणि विनामूल्य आहे. त्यातल्या रंगीत ठोकळ्यांवर 'फाल्स', 'दान', 'झोन्स्ट' असे शब्द दिसतील. फाल्स म्हणजे जर, दान म्हणजे तर, झोन्स्ट म्हणजे नाहीतर. तुमचे जुने 'इफ', 'देन', 'एल्स' तिथे नव्या वेशात बसले आहेत. 'वीडरहोले' हा ठोकळा दिसेल, म्हणजे पुन्हा पुन्हा कर. तुम्ही ज्याला 'फॉर-नेक्स्ट' म्हणत होता तेच. तिला त्यातले मांजर चालवायला आवडेल, तुम्हाला तिथे वाक्यांची हाडे दिसतील. ती तुम्हाला जर्मन शब्द सांगेल आणि ठोकळा कुठे बसवायचा हे तुम्ही तिला सांगाल. आई एखाद्या गोष्टीत आपल्याहून पुढे आहे, हे तिने जर्मन भाषेच्या आवारात एकदा पाहायला हवे. मग सोमवारी स्वयंपाकघरात "फाल्स" म्हणून आचारी बाईंना विचारा, की जर रहिवासी बुधवारी आला तर काय करायचे.

यजमानांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण मी आज तो मानणार नाही. सापडलेला कागद वाचून तुम्हाला रडू आले, आणि लगेच त्याला पगाराच्या कामाला जुंपायचे, हे मला घाईचे वाटते. वडील गेले आहेत, त्या कागदात ते आहेत, आणि हौसेने केलेल्या गोष्टीने आपले मोल सिद्ध करण्यासाठी कमाई करून दाखवावी असा काही नियम नाही. वर्षभर तक्ता करून पाहा, मुलीबरोबर खेळून पाहा. त्यानंतरही रात्री जागावेसे वाटले तर तिथल्या रोजगार कार्यालयात प्रौढांच्या पुनर्प्रशिक्षणाची चौकशी करा. संगणकाच्या कामाचे असे प्रशिक्षण साधारण दोन वर्षांचे असते आणि त्याला बी-१ च्या पुढची जर्मन लागेल, ती तोवर स्वयंपाकघरात तयार होत असेल. तोपर्यंत संध्याकाळी नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रात, ज्याला ते फोल्क्स्होखशूले म्हणतात, भाषेच्या वर्गाऐवजी शिवण, स्वयंपाक किंवा मातीकाम असा एखादा वर्ग जर्मनमधून घ्या. हातात काही असले की जीभ सैल होते.

आठवड्यातला एक दिवस मात्र पूर्ण मराठीचा ठेवा. परक्या भाषेत दिवस काढल्यावर येणारा थकवा खरा असतो, तो आळस नव्हे. माझ्या आईला म्हैस होती. तुम्ही रविवारी, तिथली दुकाने बंद असतात तेव्हा, सांगलीच्या मैत्रिणींना फोन लावा आणि मनसोक्त बोला.

राहिल्या फ्लॉपी. भावाला सांगा की त्या टाकायच्या नाहीत. हरिपूरच्या पेवांची तुम्हाला आठवण असेल. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, आणि २००५ च्या महापुराने त्यातली कित्येक पेवे पाण्याने भरून निकामी केली. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सुरक्षित असते असे धरून चालू नये. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन काळाबरोबर विरते आणि दमट हवेत तिच्या तबकडीवर बुरशी धरते, त्यामुळे जे करायचे ते या वर्षी करा. साडेतीन इंची असतील तर यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह आजही थोडक्या पैशांत मिळतात. डबा उघडून प्रत्येक फ्लॉपीची धातूची झडप सरकवून आत पाहा. बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, जाणकाराकडे द्या, कारण एकीची बुरशी ड्राइव्हमधून दुसरीला लागते. ज्या स्वच्छ आहेत त्यांची पूर्ण प्रत एकदाच, थेट, संगणकावर उतरवून घ्या. प्रोग्राम मिळाला तर तो आजच्या संगणकावर, जुने प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये क्यूबेसिक घालून, चालेल. आणि एकही फ्लॉपी वाचली गेली नाही तरी काही बिघडत नाही. छापील कागद तुमच्याजवळ आहे, मुलीने एकेक ओळ वाचावी आणि तुम्ही टंकित करावी, दोन संध्याकाळचे काम आहे. त्या कागदाचे आधी चांगले फोटो काढून ठेवा, कारण डॉट मॅट्रिक्सची शाई फिकी पडत जाते.

प्रोग्राम चालू झाला की त्यात वडिलांची एखादी जुनी पट्टी घालून पाहा, घरात एखादे चोपडे शिल्लक असेलच. राजापुरी हळदीची दहा पोती, त्या वर्षीचा दर, आणि शेवटी शेतकऱ्याच्या बाजूने पूर्ण केलेला रुपया बरोबर येतो का ते बघा. तेव्हा पोत्यामागे हमाली किती धरत होता, हे त्या कागदावर लिहिलेले असेल. ते मला अवश्य कळवा, आणि आचारी बाईंना विचारलेला पहिला प्रश्न कोणता होता तेही.

तुमची,
ताई